खरचटलेली अलॉय चाकं घरी उजळवताना

हाती घेतलेला संच असा: चार चाकं, १६ इंची, पाच स्पोकची. स्पोक चंदेरी रंगाचे. बाहेरची साधारण ४ सेंटिमीटर रुंद कड मात्र रंगवलेली नाही, घासून चमकवलेली आणि वर पारदर्शक लॅकर मारलेलं. दोन चाकांची कड फुटपाथला घासून खरवडलेली. चारही चाकांवर लॅकर पिवळं पडलेलं आणि त्याच्या खाली पांढऱ्या बारीक रेघा, जणू कातडीखालून अळी सरकत गेली आहे. अलॉय चाकं जुनी दिसायला लागतात ती बहुतेक या रेघांमुळे, ब्रेकच्या धुळीमुळे नव्हे.

या रेघा कशा पडतात ते आधी समजून घ्यावं, म्हणजे पुढची मेहनत का करायची ते कळतं. खडा उडून लॅकरला टिचकी बसते. तिथून ओलावा आणि क्षार आत शिरतात. ॲल्युमिनियम लॅकरखाली गंजायला लागतं आणि तयार झालेला पांढरा क्षार आणखी ओलावा ओढून घेतो. गंजाचं टोक पुढे सरकत राहतं, मागे सुकलेली पांढरी रेघ उरते. म्हणून टिचकीपुरतं घासून वर नवं लॅकर मारलं तर काही महिन्यांत रेघ पुन्हा पुढे निघते. लॅकर पूर्ण काढावं लागतं, अर्ध्यावर थांबता येत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी चाक दुरुस्तीच्या लायकीचं आहे का ते पाहायचं. वाकलेलं किंवा तडा गेलेलं चाक घरी दुरुस्त करायचं नाही, यात तडजोड नाही. टायर उतरवल्यावर चाकाची आतली बाजू धुऊन स्पोकच्या मुळाशी आणि आतल्या कडेला टॉर्च तिरपा धरून बघावं. शंका आली तर तडा शोधायचा लाल रंग मिळतो: तो फवारून साधारण १० मिनिटं मुरू द्यायचा, फडक्याने पूर्ण पुसायचा आणि वर पांढरं डेव्हलपर मारायचं. तडा असेल तर त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. वाकडेपणा पाहायला चाक हबवर बसवून कडेजवळ एक तार स्थिर रोवायची आणि चाक हाताने फिरवायचं. तार आणि कड यांच्यातलं अंतर १ मिलिमीटरहून जास्त कमी-जास्त होत असेल तर ते चाक आधी तज्ज्ञाकडे.

गॅसच्या ज्योतीने तापवून कड सरळ करण्याचा मोह अजिबात नको. बहुतेक ओतीव चाकं ज्या मिश्रधातूची असतात त्यात ॲल्युमिनियमबरोबर सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम असतं. ओतल्यावर चाक ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून एकदम थंड करतात आणि मग १५० ते १७० अंशांच्या दरम्यान काही तास पिकवतात. चाकाची ताकद या पिकवण्यातून येते. ज्योत लागली की त्या जागेची ताकद जाते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आता चाकावर नक्की काय आहे ते ओळखायचं, कारण चारही प्रकार चमकतात पण काम वेगवेगळं लागतं. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, थोडी धातूची पॉलिश पेस्ट पांढऱ्या फडक्यावर घेऊन घासा. फडकं लगेच काळं झालं तर ते उघडं ॲल्युमिनियम. काळं नाही झालं तर वर लॅकर आहे, किंवा धातू ॲनोडाइज केलेला आहे (विजेच्या प्रक्रियेने त्यावर कठीण ऑक्साइडचा थर चढवलेला आहे), किंवा क्रोम आहे. क्रोमच्या खाली निकेलचा थर असतो, त्यामुळे लहानसा ताकदीचा चुंबक बहुधा किंचित ओढ देतो. क्रोमचं चाक घरी घासायचं नाही. त्याचा थर रसायनाच्या टाकीतच उतरतो, आणि कागदाने घासला तर धारदार पापुद्रे निघतात. मल्टिमीटरने थर आहे की नाही एवढंच कळतं: ॲनोडाइज आणि लॅकर या दोन्ही थरांतून वीज जात नाही, उघड्या धातूतून जाते.

आणखी एक चाचणी जुन्या शर्यतीच्या चाकांसाठी. आपल्याकडे सगळ्याच अलॉयला सर्रास मॅगव्हील म्हणतात, पण काही जुनी चाकं खरोखरच मॅग्नेशियमची असतात आणि मॅग्नेशियमची भुकटी भयानक पेटते. आतल्या बाजूला थोडा धातू उघडा करून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे यायला लागले तर ते मॅग्नेशियम, तिथे कागद लावायचा नाही. ॲल्युमिनियमवर थेंब शांत पडून राहतो.

यंत्रावर कातून काढलेल्या चेहऱ्याची चाकं हा वेगळा विषय आहे. त्यांच्या पृष्ठभागावर अगदी बारीक गोल चऱ्या असतात आणि उन्हात त्यातून सप्तरंगी झाक दिसते. ती झाक हाताने येत नाही, फक्त लेथवर येते. तेही दोन-तीनदाच, कारण प्रत्येक वेळी धातू कमी होतो. असं चाक घरी घासलं तर ते आरशासारखं होईल, पण मूळचं राहणार नाही. हे आधी ठरवून मगच हात घालावा.

टायर काढून काम करणं केव्हाही चांगलं. टायर ठेवून मास्किंग करता येतं, टायर आणि कड यांच्या फटीत पत्त्यांसारखे जाड कागद खोचतात, पण गंज नेमका टायर जिथे टेकतो त्या कोपऱ्यात जास्त असतो. टायर काढणाऱ्याला सांगावं की चाक यंत्रावर आतून पकडा, बाहेरच्या कडेवर जबडे लावू नका. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर कुठलं चाक कुठल्या बाजूचं ते खडूने लिहून ठेवावं. व्हॉल्व्हला हवेचा दाब मोजणारा सेन्सर जोडलेला असेल तर तो काढून बाजूला ठेवायचा. पेंट काढायच्या रसायनात तो टिकत नाही. गाडी स्टँडवर टेकवून ठेवावी, नुसत्या जॅकवर एक तासही नाही.

धुण्याचं काम थोडक्यात आटपतं. थंड चाकावर लोखंडी धूळ विरघळवणारं द्रव फवारलं की ३ ते ५ मिनिटांत जांभळे ओघळ वाहायला लागतात. ब्रेकमधून उडालेले आणि रंगात रुतलेले लोखंडाचे कण ते. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो या रसायनाचाच. वाळू द्यायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. कॉस्टिक सोड्याची द्रवं ॲल्युमिनियम खातात आणि ते काळं पाडतात. तीव्र आम्लाची क्लीनर, विशेषतः ज्यांत फ्लोराइड असतं ती, घरात आणूच नयेत. कातडीवर पडल्यावर ती लगेच जळजळत नाहीत आणि आतपर्यंत जातात. लोखंडी तारेचा ब्रश आणि स्टीलवूलही नको. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि आठवड्याभरात तिथे तांबूस ठिपके उमटतात. नायलॉनचा ब्रश घ्यावा.

लॅकर आणि रंग काढायला जेलसारखं पेंट रिमूव्हर वापरतो. चाक आडवं ठेवून थर जाड द्यायचा, २ ते ३ मिलिमीटर, ब्रश एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही. वर स्वयंपाकघरातलं चिकटणारं प्लास्टिक अंथरावं म्हणजे ते वाळत नाही. जुन्या प्रकारच्या तीव्र रिमूव्हरला २० मिनिटं पुरायची. आता मिळणाऱ्या बेंझाइल अल्कोहोलच्या रिमूव्हरला दोन-चार तास द्यावे लागतात. फुगलेला रंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, लोखंडी पात्याने नाही. पातळ लॅकर एका हातात निघतं. मूळची पावडर कोटिंग असेल तर दोन किंवा तीन हात लागतात आणि स्पोकच्या कोपऱ्यांत तरीही पापुद्रे उरतात. ते नंतर कागदाने काढावे. पातळ वैद्यकीय हातमोजे या जेलमध्ये काही मिनिटांत फुगून फाटतात, जाड ब्यूटाइल रबराचे हवेत. चष्मा हवाच, आणि काम उघड्यावर.

पूर्ण धुऊन वाळलेल्या चाकाची खरी अवस्था आता दिसते: लॅकरखालच्या पांढऱ्या रेघांच्या जागी धातूत उथळ राखाडी चर, आणि फुटपाथला घासलेल्या जागी नुसता गेलेला नाही तर बाजूला लोटलेला धातू. ही गोष्ट महत्त्वाची आहे. खरचटल्यावर धातूचा मोठा भाग तिथेच असतो, उलटून वर आलेला. म्हणून पहिलं काम खड्डा भरण्याचं नसून वर आलेली बुरं उतरवण्याचं. अर्धगोल कानस घ्या, तिच्या दात्यांवर खडू चोळा. खडू नसेल तर ॲल्युमिनियम दात्यांत अडकून बसतं आणि तोच गोळा पुढच्या फेरीत खोल ओरखडा पाडतो. कानस कडेच्या गोलाईने चालवायची. बुरं उतरली की उरलेल्या खड्ड्याची खोली पट्टी आडवी ठेवून बघा. १ मिलिमीटरच्या आत असेल तर दोन्ही बाजूंना ८ ते १० सेंटिमीटरपर्यंत उतार मिळवत घासून काढता येतो आणि डोळ्याला कड सलग दिसते. त्याहून खोल असेल तर तो तसाच ठेवावा. कडेचा धातू सारखा काढत राहिलो तर टायरला धरून ठेवणारा भाग बारीक होतो. चमकवायच्या कडेवर पुट्टीही चालत नाही. कितीही घासली तरी ती मेलेली राखाडी दिसते. पुट्टी फक्त रंगाखाली.

आता मुख्य काम. आरशासारखी चमक पॉलिशच्या डबीत असते असं वाटतं, प्रत्यक्षात ती कागदाने येते. पॉलिश फक्त शेवटच्या कागदाच्या रेघा मिटवतं. त्याआधीच्या एखाद्या कागदाची रेघ राहिली असेल तर पॉलिश तिला घालवत नाही, उलट उजळून दाखवतं. चार चाकांच्या कामात निम्म्याहून जास्त वेळ इथे गेला पाहिजे. एका कडेला ३ ते ४ तास हा प्रामाणिक हिशेब आहे.

कागद सिलिकॉन कार्बाइडचा, पाण्यात चालणारा, ज्याला आपण वॉटर पेपर म्हणतो तो. क्रम: खरचटलेल्या जागी फक्त १८०, मग सगळ्या कडेला २४०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २०००. कागदाच्या पाठीवर आकड्याआधी पी असेल तर युरोपीय मापाप्रमाणे पी-२४० चा दाणा सरासरी ५८ मायक्रॉनचा असतो, पी-४०० चा ३५, पी-६०० चा २६, पी-१००० चा १८ आणि पी-२००० चा १० मायक्रॉनचा. हे आकडे डोळ्यासमोर ठेवले की टप्पा का गाळायचा नाही ते आपोआप पटतं. २४० वरून थेट ६०० वर उडी मारली तर १० मिनिटांचं काम वाचल्यासारखं वाटतं, पण ५८ मायक्रॉनच्या दाण्याने पाडलेली दरी २६ मायक्रॉनच्या दाण्याने घासून मिटवायला तासभर जातो. मधला कागद स्वस्तात पडतो. ‘पी’ नसलेल्या कागदाचं माप वेगळं असतं, बारीक आकड्यांत फरक मोठा पडतो. म्हणून सगळे कागद एकाच मापाचे घ्यावेत.

कागद बोटांनी धरून घासायचा नाही. बोटांच्या मधल्या फटींत दाब पडत नाही आणि कडेवर लांबट लाटा तयार होतात. त्या आज दिसत नाहीत, चमक आल्यावर दिसतात. कडेच्या गोलाईइतका वाकणारा रबराचा किंवा टणक फोमचा तुकडा, साधारण ५ सेंटिमीटरचा, कागदाच्या आत धरावा. बादलीत कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब. साबणाने कागद घसरता राहतो आणि निघालेला धातू दाण्यांत अडकत नाही.

दिशा बदलणं हा सगळ्यात उपयोगी नियम. २४० ने गोलाईच्या दिशेने घासलं, तर ३२० ने तिरपं, साधारण ४५ अंशांत. ४०० ने पुन्हा गोलाईने. मग मागच्या कागदाची एकही रेघ उरली तर ती आडवी उठून दिसते. शेवटच्या रेघा मिटल्या असं वाटल्यावर त्याच कागदाने आणखी निम्मा वेळ घासावं, कारण रेघ दिसेनाशी होते तेव्हाही तिचा तळ शिल्लक असतो. सुरुवातीला कडेवर मार्करने आडव्यातिडव्या रेषा मारून घेतल्या की उंच-सखल भाग कळतो. शाई जिथे टिकून राहते तिथे कागद पोचलेला नाही.

आणि ओल्या कडेवर विश्वास ठेवायचा नाही. पाणी रेघांमध्ये भरतं आणि ४०० वरच कड झळाळल्यासारखी दिसते. प्रत्येक टप्प्यानंतर धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून टॉर्च जवळजवळ आडवा धरावा आणि डोळा उजेडाच्या समोरच्या बाजूला न्यावा. त्या तिरप्या उजेडात रेघा अशा उभ्या राहतात की मोजता येतील. मग बादलीतलं पाणी बदलायचं, फोमचा तुकडा धुवायचा, हातही धुवायचे. २४० चा एक सुटा दाणा १००० च्या फेरीत आला तर ५ सेंटिमीटर लांबीची एक रेघ पडते आणि तिच्यासाठी ४०० पर्यंत मागे जावं लागतं.

ओतीव चाकात बारीक छिद्रं सापडतात. ती गंजाची नसून ओततानाची असू शकतात. सुईच्या टोकाएवढी, काठ स्वच्छ, आत काळी. त्यांच्या मागे लागून खोल घासत गेलं तर खाली आणखी निघतात. गंजाचे चर ४०० च्या आत निघून जातात. त्यानंतर जे उरलं ते धातूचं अंगचं, ते सोडून द्यावं.

कड ६०० पर्यंत आणून इथे थांबायचं, कारण स्पोक आधी रंगवायचे आहेत. उलट केलं, म्हणजे आधी कड पूर्ण चमकवली, तर पॉलिशमधलं मेण आणि तेल स्पोकच्या कोपऱ्यांत शिरतं आणि रंगाला माशाच्या डोळ्यासारखे गोल फुटतात. काही लोक पॉलिश करून मग मास्किंग करतात. माझ्या मते त्यात धोका जास्त आणि फायदा काहीच नाही.

स्पोकवर उघड्या धातूला १८० ने खरवडून त्यावर पुट्टी लावावी, वाळल्यावर १८० आणि ३२० ने सपाट करावी. पुट्टी आम्लयुक्त एच प्रायमरवर (धातूला किंचित खाऊन घट्ट धरणाऱ्या पहिल्या थरावर) चढवायची नाही. ते आम्ल पुट्टीला नीट पिकू देत नाही आणि काही दिवसांनी ती पोपड्यासारखी उचलली जाते. मग सगळे स्पोक ३२० ते ४०० ने निस्तेज करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, दोन फडक्यांनी: एका ओल्या फडक्याने मळ सुटतो, दुसऱ्या कोरड्याने तो लगेच उचलायचा. एकच फडकं फिरवलं तर तेल नुसतं पसरतं. स्वच्छता झाली का ते पाण्याने कळतं. स्पोकवर पाणी ओता. ते सलग पडदा धरून उतरलं तर स्वच्छ, कुठे फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे.

घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा थर काही क्षणांत चढतो आणि वेळेबरोबर जाड होत जातो, त्यामुळे पाणी वाळलं की तासा-दोन तासांत प्रायमर मारावा, रात्रभर ठेवू नये. पहिला एच प्रायमर अगदी पातळ, धातू आरपार दिसेल इतका. जाड मारला तर तो आतून मऊ राहतो. त्यावर फिलर प्रायमरचे दोन हात, वाळल्यावर ६०० ने हलकं पाणी-घासणं. जिथे एच प्रायमर पुट्टीच्या तुकड्यावर येतो तिथे तो उडता ठेवावा, किंवा पूर्ण चाकालाच इपॉक्सी प्रायमर द्यावा, तो दोन्हीवर चालतो.

मास्किंगमध्ये कडेच्या टेपइतकंच लक्ष मागच्या बाजूला द्यायचं. चाक हबला जिथे टेकतं तो सपाट भाग आणि नट बसतात ते शंकूसारखे खड्डे यांवर रंगाचा कणही नको. रंग दाबाखाली चेपला जातो, नट न फिरता सैल पडतो. नटांच्या भोकांत पुठ्ठ्याची सुरळी घट्ट बसवून ठेवावी. टायर जिथे टेकतो त्या बैठकीवरही जाड रंग नको. तिथे नायलॉनच्या घासणीने गंज काढून पातळ प्रायमर पुरतो.

स्प्रे कॅन वापरताना हवा १८ ते २५ अंश आणि दमटपणा कमी असलेला दिवस निवडावा. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि लॅकर दुधाळ होतं. कॅन ३५ अंशांच्या कोमट पाण्यात १० मिनिटं ठेवली की फवारा बारीक येतो. ज्योतीजवळ मात्र कधीच नाही. चाक उलट्या बादलीवर आडवं ठेवायचं म्हणजे खालून फिरवता येतं. २० ते २५ सेंटिमीटरवरून आधी स्पोकच्या बाजू आणि स्पोकमधल्या खिडक्यांचे कोपरे, शेवटी दर्शनी भाग. दर्शनी भाग आधी केला तर बाजू मारताना त्यावर पुन्हा पुन्हा रंग पडतो आणि ओघळ सुटतो. रंगाचे तीन पातळ हात, मध्ये १० मिनिटं. चंदेरी रंगातले कण एकसारखे बसावेत म्हणून शेवटचा हात ३० ते ३५ सेंटिमीटरवरून, धुक्यासारखा. ४०० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये अशी साधारण दोन चाकं होतात, लॅकरचंही तेच.

लॅकरच्या बाबतीत एक स्पष्ट सांगतो. हार्डनर मिसळलेलं दोन घटकांचं लॅकर पेट्रोल आणि ब्रेक ऑइलला जास्त टिकतं, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि त्याला ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर एक घटकाचं लॅकर मारावं आणि काही वर्षांनी पुन्हा मारायची तयारी ठेवावी. लॅकरचा शेवटचा हात मारल्यावर १५ ते २० मिनिटांत टेप मागे दुमडून, रंगापासून दूर ओढत काढायची. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची कड दात्यांसारखी फाटते. आता चाकं आठवडाभर बाजूला. लॅकर हाताला कोरडं लागतं ते पहिल्याच दिवशी, पण आतून मऊ असतं आणि बफची (चमकवणाऱ्या फिरत्या कापडी चकतीची) उष्णता त्याला सुरकुत्या पाडते.

आठ दिवसांनी स्पोकच्या कडेला टेपचे दोन थर लावून ८००, १०००, १५००, २००० पूर्ण करायचे. शेवटचे दोन्ही कागद गोलाईच्या दिशेने.

बफिंगला १०० मिलिमीटरचा शिवलेला सुती बफ, ड्रिलवर मिनिटाला २५०० ते २८०० फेऱ्यांवर. २८०० फेऱ्यांना त्याच्या परिघाचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर होतो. कारखान्यातल्या मोटरी याहून बऱ्याच वेगाने चालतात, पण घरी हातात धरलेल्या ड्रिलला हा वेग सांभाळता येतो आणि कामही होतं. तपकिरी ट्रिपोलीची (घासून चमकवणाऱ्या पॉलिशची) वडी फिरत्या बफला एक-दोन सेकंदच टेकवायची. जास्त लावली तर कडेवर काळे चिकट पट्टे उमटतात. ते आणखी घासून जात नाहीत, वडी न लावता कोरडा बफ फिरवून जातात. बफ नेहमी कडेवरून बाहेर पडेल अशा बाजूने धरायचा. धारेत शिरेल असा धरला तर तो चाक हिसकतो, किंवा ड्रिल. डोळ्यांवर चष्मा, नाकावर धुळीचा मास्क, ढगळ बाह्या आणि सुती हातमोजे दूर. त्या वेळी शेजारी लोखंडावर ग्राइंडर चालू नसावा. ॲल्युमिनियमची बारीक धूळ ठिणगीने पेटते आणि लोखंडाच्या गंजाबरोबर मिसळली तर फारच तीव्र पेटते.

बफ सतत सरकता ठेवायचा आणि अधूनमधून कडेला तळहात लावायचा. तळहात ठेववत नसेल तर थांबायचं. तापलेलं ॲल्युमिनियम मऊ होऊन ओढलं जातं आणि पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी लहर येते. एकाच ठिकाणी जास्त वेळ दिला तर ओतीव छिद्रांमागे धूमकेतूच्या शेपटीसारख्या रेघा निघतात. त्या टाळायला बफ आधी फिरण्याच्या उलट दिशेने ढकलत, मग शेवटच्या दोन फेऱ्या हलक्या हाताने फिरण्याच्या दिशेने.

यानंतर साबणाच्या कोमट पाण्याने ट्रिपोली पूर्ण काढायची आणि त्याहून बारीक पॉलिशच्या पांढऱ्या वडीसाठी नवा, न शिवलेला मऊ बफ घ्यायचा. ट्रिपोली लागलेल्या बफवर पांढरी वडी लावली तर दोन्ही वाया जातात. सगळ्यात शेवटी हाताने धातूची पेस्ट: वाटाण्याएवढी, तळहाताएवढ्या जागेला. फडकं काळंभोर होतं. हा काळा रंग मळाचा नसून निघालेल्या ॲल्युमिनियमचा आहे, तो कधीच संपत नाही, त्यामुळे फडकं पांढरं येईपर्यंत घासत बसू नये. काळं पूर्ण वाळण्याआधी स्वच्छ मायक्रोफायबरने पुसलं की कडेत टायरच्या दुकानातल्या ट्यूबलाइटची सरळ रेषा दिसावी. ती लाटेसारखी हलत असेल तर चूक फार मागे, ३२० च्या आसपास झाली आहे.

या कडेवर पुन्हा लॅकर मारायचं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी मारत नाही. आरशासारख्या गुळगुळीत धातूला लॅकर धरून राहायला काहीच नसतं. एक टिचकी बसली की ते सोलतं आणि पुन्हा त्याच पांढऱ्या रेघा. लॅकर हवंच असेल तर ४०० ते ६०० वरच थांबून त्यावर मारावं आणि आरशाऐवजी साटिनसारखी चमक मान्य करावी. उघड्या कडेला अल्कोहोलने पुसून सीलंटचे (ओलावा अडवणाऱ्या संरक्षक द्रवाचे) दोन हात, मध्ये काही तास, आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक हात. समुद्राकाठी किंवा मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गाडी चालत असेल तर दर आठवड्याला साध्या पाण्याने चाकं धुवावी लागतात, नाहीतर महिन्याभरात कड धुरकट होते. धुरकट झाली तर पेस्टने १० मिनिटांत परत येते, लॅकरखाली गंजली तर परत येत नाही. म्हणून उघडी कड.

टायर चढवताना व्हॉल्व्ह नवे घ्यावेत आणि बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूला चिकटवायची सांगावी. कडेला ठोकून बसवायची वजनं नवी कड पहिल्याच दिवशी ओरखडतात आणि तिथून गंज सुरू होतो. हबचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा. इथे ब्रश चालतो, हब लोखंडाचा आहे. मधल्या उंचवट्यावर अँटी-सीझचा (चाक हबला गंजून चिकटू न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात, नटांच्या आट्यांना नाही. आट्यांना तेलकटपणा असेल तर तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) बोल्टला कितीतरी जास्त ताणतो.

नट हाताने फिरवून बसवायचे, मग चांदणीच्या क्रमाने, समोरासमोरचे, आधी निम्म्या टॉर्कने. चाक जमिनीला टेकवून पूर्ण टॉर्क. १२ मिलिमीटरच्या नटांना बऱ्याच मोटारींत तो ९० ते १२० न्यूटन मीटर असतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा तोच खरा. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर, चाकं थंड असताना, टॉर्क रेंच पुन्हा लावावा. एखादा नट क्लिक होण्याआधी थोडा फिरला तर ते चाक उतरवून मागची बाजू बघावी. बहुतेक वेळा नटाच्या खड्ड्यात किंवा हबला टेकणाऱ्या भागावर राहून गेलेला रंगाचा डाग सापडतो. तो थिनरने पुसून, धातू उघडा करून चाक परत बसवायचं आणि पुढच्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं.